चौदा दिवसांची गोळी

हॅलो?… हॅलो, हो, बोल… मेडिकलमध्येच आहे रे. सकाळी साडेदहाला औषधाच्या दुकानातली बाई दुसरीकडे कुठे असणार, बागेत झोका घेत?… बोल लंबू, बोल. धाकट्या भावाचा फोन आला म्हणजे बहिणीची आठवण झाली असणार. की गोळ्या संपल्या?… बघ. मनकवडी आहे मी. उगाच औषधं विकत बसले, भविष्य सांगायला हवं होतं.

किती?… तीन स्ट्रिपा? एकदम?… अरे पण महिन्याला दोन नेतोस ना तू? पाहुण्यांना वाटतोस की काय, बडीशेपेसारख्या?… अच्छा. आता दोन वेळा घेतोस. सकाळी एक, रात्री एक… आणि कामावर जळजळ झाली की दुपारी अजून एक. छान. कुठल्या डॉक्टरांनी वाढवून दिली?… तूच. वा. फरश्या बसवता बसवता डॉक्टर कधी झालास, कळवायचं तरी. पेढे नको, निदान एक फोन केला असतास.

हो, हो… ऐकतेय… नाही, थांब, काय म्हणालास? फोडून?… कॅप्सूल फोडून?… म्हणजे आतले ते बारीक दाणे पाण्यात टाकतोस… आणि ते विरघळत नाहीत म्हणून… कशानं?… थापीच्या दांड्यानं. थापीच्या दांड्यानं चुरतोस. लवकर लागू व्हावी म्हणून.

नाही, हसत नाहीये मी. हसू कसलं येतंय. अरे शहाण्या, ते दाणे मुद्दाम तसे केलेले असतात. पोटातल्या ॲसिडात मरू नयेत, पुढे आतड्यात जाऊन विरघळावेत म्हणून प्रत्येक दाण्याला कवच दिलेलं असतं. एवढी मोठी कंपनी, एवढे शिकलेले लोक, त्यांनी डोकं लावून ते कवच चढवलं आणि तू ते थापीनं फोडलंस. मग लागू पडत नाही म्हणून दोन घ्यायच्या. मग तीन. उद्या बादलीत कालव, सिमेंटच्या मालाबरोबर… नाही नाही, कालवच. पाणी किती घालायचं ते तुला जास्त कळतं.

आणि घेतोस कधी?… जळायला लागलं की. म्हणजे जेवल्यावर. म्हणजे गाडी सुटल्यावर स्टेशनात. अरे ती सकाळी काही खायच्या आधी अर्धा तास घ्यायची असते, म्हणजे अन्न येईपर्यंत ती तयार असते… हो, मग तुला पंधरा मिनिटांत फरक पडतो तो कशानं पडतो?… ते गुलाबी औषध. बाटलीनं. चमचा हरवलाय. बाटली तोंडाला लावतोस, थेट… कामावर सगळ्यांसमोर? लोक काय समजत असतील रे?… 'फरशीवाल्याला सकाळीच लागतं.' तेच म्हणणार.

अगं बाई… नाही, तुला नाही म्हटलं. धर जरा. गिऱ्हाईक आलंय. फोन ठेवू नकोस.

या काका, बोला… ॲसिडिटीची हवी? कुणाला, तुम्हालाच?… किती दिवस होतेय जळजळ?… आठवडाभर. आधी कधी ही गोळी घेतली होतीत?… बरं. गिळताना घास अडकतो का?… नाही. वजन आपोआप कमी झालंय? उलटी? शौचाला काळं होतं का?… लाजू नका काका, दिवसातून दहा जणांना विचारते मी. दिवाणखान्यात नाही विचारत, दुकानात विचारते… नाही ना. दुखण्याची गोळी चालू आहे कुठली, गुडघ्याबिडघ्याची? रक्त पातळ करायची?… काहीच नाही. मग घ्या. सकाळी खाण्याआधी अर्धा तास, पाण्याबरोबर अख्खी गिळायची. चावायची नाही, फोडायची नाही. हो, फोडणारे महाभाग असतात, म्हणून सांगते. चौदा दिवस. पंधराव्या दिवशी परत मागायला आलात तर देणार नाही, डॉक्टरांचा पत्ता देईन… हो, रात्री जेवून लगेच आडवं व्हायचं नाही, तीन तास तरी जाऊ द्या… असू दे, मी खडूस आहे हे मला माहितेय. या.

हं, बोल. ऐकलंस ना? असं घ्यायचं असतं औषध. शिक जरा त्या काकांकडून…

काय?

परत बोल… नाही, ऐकू आलं. ऐकू आलं मला. 'मला नाही कधी एवढं विचारलंस.'

अरे तू काय गिऱ्हाईक आहेस? घरचा माणूस… हो, पण… बरं बाबा. रुसलास? एवढा सहा फुटांचा बाप्या, गुडघे टेकून लोकांच्या न्हाणीघरात रुसून बसलाय. बरं, विचारते. तुलाही विचारते, हौस पुरी करते तुझी. बसा साहेब. बोला, काय त्रास होतोय? किती दिवस?

तीन वर्षं.

हो… तीन होतील, खरंय. मला वाटत होतं दीडेक वर्ष असेल… नाही, तुझं बरोबर आहे. मी दुकान इकडे हलवलं त्याच वर्षी. तूच फरशी बसवलीस इथली आणि दुपारी छातीत जळतंय म्हणालास. पहिली स्ट्रिप मीच दिली तुला. चौदा दिवस घे म्हटलं होतं… म्हटलं होतं की नाही?… म्हटलं होतं. हं. आणि पंधराव्या दिवशी तू मागितलीस आणि मी दिली. आणि मग तू मागत गेलास.

नाही, मध्ये बंद केली होतीस ना तू? पावसाळ्यात… चार दिवस. मग दुप्पट जळायला लागलं म्हणून परत सुरू. ते तसंच होतं, लंबू. फार दिवस घेतलेली एकदम सोडली की ॲसिड उसळतं. ती कमी करत करत सोडायची असते, डॉक्टरांना विचारून. मला फोन केला असतास तर मी सांगितलं असतं… केला होतास?… आणि मी काय म्हटलं?… 'मग घे परत.' अस्सं म्हटलं मी. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पुढे.

घास अडकतो का?… हसतोस काय, उत्तर दे… 'तसा नाही.' म्हणजे कसा?… सुकं असलं की. मग पाणी पितोस आणि ढकलतोस. कधीपासून?… असेल दोन-तीन महिने. दोन की तीन?… बायकोला माहितेय?… तिला वाटतं तू घाईघाईत खातोस. अरे तिला वाटेल तसं, ती काय तुझ्या घशात बसलीय?

वजन?… काटा नाही घरात, माहितेय. पट्टा सांग. पट्ट्याला नवीन भोक पाडलंस?… किती?… दोन. खिळ्यानं. आणि मागच्या महिन्यात भेटलास तेव्हा मी काय म्हटलं तुला… हो. 'बारीक झालास, छान दिसतोस.' आठवतंय मला. फार हुशार बहीण आहे तुला. आणि मी वर विचारलं, चालायला जातोस का रोज?

बरं. आता पुढचं. शौचाला कसं होतं?… सांग रे, मी तुझी लंगोटी धुतलेली आहे, माझ्यापुढे काय लाजतोस?…

काळं.

किती काळं?… नाही, थट्टा नको. मी हसत होते ते आधी, आता नाही. नीट सांग… डांबरासारखं. चिकट. वास?… हं. कधीपासून?… परवापासून. आजही?… आजही. बायकोच्या लोहाच्या गोळ्या चुकून घेतल्यास का? त्यानंही काळं होतं… नाही. आठवून सांग… नाही घेतल्या. दुसरं काही औषध?

दुखण्याची कुठली गोळी घेतोस?

… 

विषय बदलू नकोस, मी विचारतेय.

गुडघ्यांसाठी. दिवसाला किती?… तीन. कधी चार. उपाशीपोटी, सकाळी कामाला वाकायच्या आधी. आणि ही कुठून आणतोस? माझ्याकडून तर एकही नेली नाहीस… कोपऱ्यावरच्या दुकानातून. का?… का, म्हणते मी?

मी ओरडते म्हणून.

वा. छान. ऐकतेय हं, ऐकतेय. पोट जाळणारी गोळी तिकडून आणि जळजळ दाबणारी इकडून. दोन्ही दुकानं चालली पाहिजेत ना. बहिणीला घाबरून पोटाला भोक पाडून घेतलंस की काय, देव जाणे… नाही, भोक म्हणजे… मला नाही माहीत. मला इथून दिसत नाही काही. पण ते काळं जे आहे ना, ते बहुतेक रक्त आहे. वरून कुठून तरी येतंय, पोटातून, आणि खाली येईपर्यंत काळं होतंय… नाही, खाण्यातलं नाही. ऐक ना… हो, गोळी घेतली की जळत नव्हतं, म्हणूनच तर. गोळीनं जळजळ झाकली. तू फरशी बसवलीस की ठोकून बघतोस ना, नखानं, टकटक? वरून लेव्हल बरोबर, चकचकीत, आणि आवाज पोकळ आला तर काय करतोस?… उचलतोस. मालक नको म्हणाला तरी उचलतोस. मग इथं तीन वर्षं वरून नुसता पोछा का मारत बसलास?… बसलो. दोघंही बसलो, हो. मी फडकं धुऊन देत होते.

चक्कर येते?… काल जिन्यावर बसावं लागलं. आत्ता?… उभा राहिलास की. उभा राहू नकोस मग. बस. कशावर बसलायस?… फरशीच्या खोक्यावर. बस तिथंच. छातीत धडधडतंय? घाम?… थोडा. हं.

आता नीट ऐक. हातातलं काम ठेव, आणि आत्ता हॉस्पिटलात जायचं. पुलापलीकडचं मोठं, तिथं कॅज्युअल्टी चोवीस तास उघडी असते… संध्याकाळी नाही. आत्ता… काय?… माल?… अरे कालवलाय तर कालवलाय… अर्ध्या तासात आवळेल. आवळू दे. दगड होऊ दे त्याचा. तुझ्या थडग्यावर बसवायला कामाला येईल, असं तोंडात आलं होतं माझ्या, पण नाही बोलत… हो, बोलले. चुकलं. पण लंबू, एक बादली माल. एक बादली… मागची भिंत अर्धी राहील तर राहील. बाईंना पाहुणे यायचेत? पाहुणे अर्ध्या भिंतीत आंघोळ करतील, त्यांना काही होत नाही.

नाही. स्कूटरवर नाही… 'दहा मिनिटांचा रस्ता' असला तरी नाही. वाटेत चक्कर आली म्हणजे? मग मी रस्त्यावरून उचलू का तुला, सहा फूट?… ऐक, घरमालकीण बाई आहेत घरात? त्या शाळेतल्या?… फोन दे त्यांना… लाजतोस काय? दे म्हणते ना. तुला जमत नाहीये, मला बोलू दे… लंबू, फोन दे.

हॅलो?… नमस्कार बाई. मी ह्याची मोठी बहीण, मेडिकल आहे माझं… हो, तीच. तो सांगतो ना माझ्याबद्दल? काय सांगतो ते नका सांगू… बाई, तुम्हाला एक त्रास द्यायचाय. ह्याला आतून रक्तस्राव होत असावा असं मला वाटतंय. नाही, बाहेरून काही दिसणार नाही. आता कसा दिसतोय तो, रंग?… पांढराफटक. मला वाटलंच… सिमेंटची धूळ असेल म्हणून तुम्ही बोलला नाहीत, बरोबर आहे, सगळ्यांनाच तसं वाटेल… तुमच्याकडे गाडी आहे ना? तुम्ही चालवता?… फार उपकार होतील. नाही, खायला काही देऊ नका, चहाही नको. बहुतेक आत दुर्बीण घालून बघतील, पोट रिकामं असलेलं बरं. आणि ती दुखण्याची गोळी खिशात असेल तर तुम्हीच घ्या काढून, तो हळूच टाकेल तोंडात… हो, शाळेतल्या पोरासारखाच आहे. तुम्हाला अनुभव आहे, बरं झालं. गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपा, ती बाटली, सगळं पिशवीत घालून बरोबर घ्या, डॉक्टरांना दाखवायला… तुमची भिंत बाई… तो येऊन पुरी करेल. करेल ना. आणि वाटेत बेशुद्धसा झाला, रक्ताची उलटी झाली, तर गाडीत बसून राहू नका, ॲम्ब्युलन्स बोलवा… हो, घाबरलेय मी. आवाजात कळतंय का?… त्याला नका सांगू. गाडी काढता?… हो, द्या त्याला.

हं. झालं? बाई गाडी काढतायत… मारलं नाही ना त्यांनी? मग ओरडल्या ते बरंच झालं, माझं काम हलकं केलं… मी येतेय. शटर ओढते आणि येते. तुझ्या आधी पोचेन बघ… बायकोला मी फोन करते. तू नको करू, तू तिला 'काही नाही, जरा तपासणी' म्हणशील आणि ती चहा ठेवून बसेल तुझी वाट बघत. आणि ती घेते का रे ही ॲसिडिटीची गोळी?… कधी कधी, तुझ्यातली. बरं. तिलाही बघते.

रडतोस?… बरं, नाही रडत. धूळ गेली डोळ्यात. धुळीचं काम आहे, जायचीच… अरे बरं होतं हे. वेळेवर गेलं की बरं होतं. बरेच लोक बरे होतात, मी बघते ना रोज. खोटं कशाला सांगू?… घास का अडकतो ते त्यांना शोधू दे, मी इथं बसून त्या दुखण्याला नाव देत नाही. तूही देऊ नकोस.

आता एक ऐक. तिथं डॉक्टर विचारतील. कोणती गोळी, किती, किती वर्षं, कुणी दिली… काय सांगणार तू?

'घेतल्या इकडूनतिकडून.'

का?… माझं नाव नको म्हणून… लायसन्स. हो, मला माहितेय लायसन्स काय असतं, काचेमागे लावलंय, समोर दिसतंय मला. तुला आत्ता माझ्या लायसन्सची काळजी पडलीय? नीट बसता येईना खोक्यावर आणि बहिणीचं दुकान सांभाळतोय… नाही, रागावत नाहीये. थांब. मला बोलू दे.

मी का नाही विचारलं माहितेय?… आळस नव्हता. तू दारात यायचास, मी न बोलता पिशवीत टाकून द्यायचे आणि तू हसायचास. मला बरं वाटायचं. आईनंतर तुला द्यायला माझ्याकडे दुसरं काही नव्हतंच रे. तू कधी काही मागितलंच नाहीस. ही एकच गोष्ट मागायचास, ती दिली. काकांना विचारलं ते सगळं तुला विचारलं असतं, तर कदाचित तुला डॉक्टरकडे पाठवावं लागलं असतं आणि तू महिन्याच्या महिन्याला आला नसतास. हे मला आत्ता कळतंय, तुझ्याशी बोलता बोलता. लाज वाटतेय मला.

म्हणून खोटं नको. 'दोन महिने घेतल्या' म्हणालास तर ते दोन महिन्यांचं दुखणं शोधतील. तीन वर्षांचं कुणी शोधायचं?… दुखण्याच्या गोळ्या पण सांगायच्या, चार म्हणजे चार. आणि चौथं उत्तर पण, कुणी दिल्या ते. जे होईल ते होईल, ते मी बघेन. तू पाठ कर. मोठ्या बहिणीनं दिल्या. तीन वर्षं दिल्या. एकदाही विचारलं नाही. म्हण बघू… म्हण… हॉर्न वाजतोय, ऐकू येतंय मला, बाई थांबतील एक मिनिट. म्हण.

हं… हं…

शेवटचं गाळलंस.

म्हण, लंबू… हं. असंच सांग त्यांना. जा आता, निघ.